लॅपटॉप बॅगेत टाकताना स्लीप की शटडाऊन? आधी तो खरंच झोपतो का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की रोज कोथरूडहून हिंजवडीला जाता, थोडं स्कूटीवर आणि पुढे कंपनीच्या बसने, साधारण दीड तास लागतो. निघताना लॅपटॉपचं झाकण मिटून तो तसाच बॅगेत टाकता आणि पोचल्यावर बऱ्याचदा बॅग गरम लागते, बॅटरी ९० वरून ६० वर आलेली असते. ऑफिसात एक जण म्हणतात स्लीपमध्ये नेला तर हार्ड डिस्क उडते, दुसरे म्हणतात रोज शटडाऊन केला तर लॅपटॉपचं आयुष्य कमी होतं, मग नक्की करायचं काय.

मी पुण्यात १८ वर्षं लॅपटॉप रिपेअर करतोय आणि हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर उत्तर एवढंच, की विंडोज लॅपटॉप बॅगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणार असेल तर स्लीप नको आणि रोज शटडाऊनचीही गरज नाही, हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद, पुढे नीट सांगतो. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर शटडाऊन करा आणि पूर्ण बंद होईपर्यंत थांबा. मॅकबुक असेल तर झाकण मिटा आणि निघा. पण तुमच्या केसमध्ये हायबरनेट लावून प्रश्न झाकला जाईल, कारण कळणार नाही, म्हणून पुढचंही वाचा.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. साध्या ऑफिसच्या लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० वॉट-अवरची धरा. त्यातले ३० टक्के म्हणजे १५ वॉट-अवर, आणि ते गेले दीड तासात, म्हणजे तासाला १० वॉट-अवर, म्हणजेच सतत १० वॉट. आता लॅपटॉपवर तुम्ही वर्ड उघडून टाइप करत बसलात ना तरी तो साधारण एवढीच पॉवर खातो, स्क्रीन धरून. म्हणजे स्क्रीन बंद असताना १० वॉट जात असतील तर तुमचा लॅपटॉप त्या दीड तासात झोपलेलाच नव्हता, झाकणाखाली चक्क काम करत होता, आणि तेही चारी बाजूंनी फोम असलेल्या बॅगेत. १० वॉट म्हणजे घरातला एलईडी बल्ब, तो गोधडीत गुंडाळून ठेवला तर काय होईल तेच त्या बॅगेत होतंय. पंखा फिरतोय पण ओढायला गार हवा नाही, तीच गरम हवा आतल्या आत फिरतेय.

म्हणून ऑफिसातल्या दोघांचंही म्हणणं बाजूला ठेवा. स्लीप वाईट नाही, न झोपलेला लॅपटॉप बॅगेत टाकणं वाईट आहे.

आता हे होतं कशामुळे. पूर्वी, म्हणजे १०-१२ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे खरोखरची स्लीप होती, तिला एस-३ म्हणतात. प्रोसेसर बंद, पंखा बंद, डिस्क बंद, वायफाय बंद, फक्त रॅमला, म्हणजे उघडं काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीला, जिवंत ठेवण्यापुरता करंट चालू, तोही अर्धा-पाऊण वॉटच्या आसपास. असा लॅपटॉप तुम्ही झाकण मिटून नांदेडला घेऊन गेलात तरी उतरल्यावर तसाच गार मिळायचा. मग २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने कनेक्टेड स्टँडबाय आणलं आणि पुढे २०१५ ला विंडोज १० बरोबर त्याचं मॉडर्न स्टँडबाय झालं. कल्पना चांगली होती, की लॅपटॉपही मोबाईलसारखा राहावा, झाकण उघडलं की लगेच चालू, मेल आधीच आलेले. त्यासाठी केलं काय, तर लॅपटॉप पूर्ण झोपवायचाच नाही, नुसता पेंगत ठेवायचा, टेक्निकल नाव एस-० लो पॉवर आयडल. सगळं नीट चाललं तर हाही तासाला एखादाच टक्का बॅटरी खातो आणि काही त्रास नाही. पण एखादा ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), एखादं अपडेट, एखादा अँटीव्हायरस, ऑफिसने टाकलेलं एखादं सिक्युरिटी सॉफ्टवेअर मधेच जागं झालं आणि परत झोपायलाच तयार नसलं, की तुमच्यासारखी गरम बॅग होते. आणि गेल्या पाच-सहा वर्षांतल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये जुनी एस-३ स्लीप कंपनीने ठेवलेलीच नाही, त्यामुळे "माझा आधीचा लॅपटॉप असाच नेत होतो, काही झालं नाही" हे म्हणणं खरं असतं, पण नव्या लॅपटॉपला लागू होत नाही.

तुमच्याकडे कोणती स्लीप आहे ते एका मिनिटात बघता येतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पॉवरसीएफजी असं सलग टाइप करा, एक स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून ए, आणि एंटर. वरच्या यादीत स्टँडबाय एस-३ दिसलं तर जुनी चांगली स्लीप आहे. स्टँडबाय एस-० लो पॉवर आयडल दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय. त्याच यादीत हायबरनेट दिसतं का तेही बघून ठेवा, पुढे लागणार आहे. आणि स्लॅशनंतर ए च्या जागी स्लीपस्टडी असं सलग टाइप केलंत, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, तर एक रिपोर्ट फाइल तयार होते, ती क्रोममध्ये उघडते. त्यात गेल्या काही दिवसांत लॅपटॉप कधी झोपला, किती वेळ झोपला, त्यात बॅटरी किती गेली आणि कुणी उठवलं हे सगळं असतं, रंगासकट. जास्त बॅटरी खाल्लेली सेशन लाल दिसतात. मी दुकानात गरम होण्याची तक्रार आली की आधी हाच रिपोर्ट काढतो, स्क्रू-ड्रायव्हर नंतर. दहातल्या सहा-सात वेळा तिथेच कळतं. मात्र या रिपोर्टचा खरा उपयोग मॉडर्न स्टँडबाय असलेल्यांनाच होतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिनचे अधिकार नसतील तर आयटीवाल्यांना सांगून काढून घ्या, त्यांना हे माहीत असतं.

रिपोर्टच्या आधी मात्र तीन साध्या गोष्टी तपासा, कारण माझ्याकडे येणाऱ्या गरम बॅगांपैकी बऱ्याच यातच सुटतात.

पहिली म्हणजे झाकणाची सेटिंग. ऑफिसात तुम्ही मोठा मॉनिटर लावता का? लावत असाल तर शक्यता अशी की कधीतरी तुम्ही किंवा आयटीवाल्यांनी झाकण मिटलं तर काहीच करू नको, म्हणजे डू नथिंग, अशी सेटिंग करून ठेवलीय, लॅपटॉप मिटून मोठ्या स्क्रीनवर काम करता यावं म्हणून. ती सेटिंग फक्त चार्जर लावलेला असताना हवी असते, पण घाईत दोन्हीकडे केली जाते, बॅटरीवरपण आणि चार्जरवरपण. मग संध्याकाळी झाकण मिटलं की तुम्हाला वाटतं झोपला, पण तो पूर्ण जागा असतो. एकदा सीए आर्टिकलशिप करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता, ऐन सप्टेंबरच्या ऑडिटच्या घाईत, त्याचा लॅपटॉप रात्रभर असाच बॅगेत जागा राहिला होता. सकाळी बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं, क्लिकच होईना. डेटा वाचला, पण बॅटरी आणि टचपॅड दोन्ही बदलावं लागलं, आणि त्या वयात तो खर्च छोटा नसतो. त्याचा चेहरा अजून लक्षात आहे, म्हणून ही सेटिंग मी प्रत्येकाला विचारतो.

दुसरी म्हणजे वायरलेस माउसचा डोंगल. तो यूएसबीला तसाच लावलेला आणि माउस बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, त्याचं बटण चालूच. आता सिंहगड रोडवर काय किंवा भूमकर चौकात काय, खड्ड्यात गाडी आपटली की माउस हलणार, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये माउस हलला की लॅपटॉप उठतो, झाकण बंद असलं तरी. उठला, थोडा वेळ जागा राहिला, परत झोपला, पुढच्या खड्ड्याला परत उठला. माउसखालचं बटण बंद करणं किंवा डोंगल काढून ठेवणं एवढं पुरेसं आहे. कायमचं करायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब असतो, तिथे या डिव्हाइसला कॉम्प्युटर उठवू द्या अशा अर्थाची टिक असते, ती काढा. डोंगल काढून ठेवण्याचा आणखी एक फायदा, बॅगेत दाब पडून पोर्ट वाकत नाही, तीही केस महिन्याला एखादी येतेच.

तिसरी गोष्ट वेगळी वाटेल पण करून बघा. चार्जर आधी काढा आणि मग झाकण मिटा. बरेच जण आधी झाकण मिटतात, मग वायर गुंडाळतात, आणि लॅपटॉप झोपायला गेला तेव्हा त्याला वाटत असतं आपण चार्जरवर आहोत, वीज भरपूर आहे, करू दे अपडेट डाऊनलोड. काही मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपमध्ये नंतर चार्जर निघाला तरी ते त्याच्या लक्षात यायला उशीर लागतो किंवा येतच नाही. मी स्वतः असे लॅपटॉप पाहिलेत जिथे फक्त हा क्रम बदलला आणि तक्रार थांबली.

याशिवाय लॅपटॉप जागा ठेवणारी छोटी ॲप्स असतात, चॅटवर हिरवा ठिपका दिसत राहावा म्हणून लोक टाकतात, ती असतील तर काढून टाका.

आता हायबरनेटबद्दल. हा पर्याय इतका कामाचा आणि मायक्रोसॉफ्टने बऱ्याच लॅपटॉपवर मेनूतून लपवून ठेवलेला, याचं मला कायम वाईट वाटतं. हायबरनेट म्हणजे रॅममध्ये जे काही उघडं आहे, तुमच्या एक्सेल शीट, ब्राउझरच्या २५ टॅब, अर्धवट लिहिलेला मेल, ते सगळं डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि मग मशीन पूर्ण बंद करायचं. शटडाऊनइतकंच बंद. गरम होण्याचा प्रश्नच नाही, माउस हलून उठण्याचा प्रश्न नाही, बॅटरी जात नाही. आणि परत चालू केलं की सगळं जिथे होतं तिथेच, एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, असेल तर १०-१५ सेकंदात. म्हणजे शटडाऊनची सुरक्षितता आणि स्लीपची सोय दोन्ही मिळतं.

चालू करायचं असं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डाव्या बाजूला झाकण मिटल्यावर काय करायचं ते ठरवणारी लिंक असते. आत गेलात की झाकण, पॉवर बटण, स्लीप बटण अशा ओळी आणि प्रत्येकापुढे दोन खाने, बॅटरीवर आणि चार्जरवर. झाकणाच्या ओळीत बॅटरीच्या खान्यात हायबरनेट निवडा, चार्जरच्या खान्यात स्लीप किंवा मॉनिटर वापरत असाल तर डू नथिंग, तिथे चालेल. त्याच पानावर वर सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला अशा अर्थाची लिंक असते, ती दाबलीत की खाली हायबरनेटची टिक उघडते, ती केली की स्टार्टच्या पॉवर मेनूत स्लीप, शटडाऊनच्या शेजारी हायबरनेटही दिसायला लागतं. यादीत हायबरनेट नसेलच तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश हायबरनेट, स्पेस, ऑन, एवढं टाइप करा, येतं. फक्त एक लक्षात ठेवा, मॉनिटरसाठी चार्जरच्या खान्यात डू नथिंग ठेवलंत तर चार्जर आधी काढायचा नियम आणखी पक्का पाळायचा, नाहीतर चार्जरवर झाकण मिटलं तेव्हा त्याने काहीच केलं नाही आणि नंतर वायर काढल्यावरही तो जागाच राहिला असं होतं.

इथे एक शंका हमखास येते, की रोज एवढं डिस्कवर लिहिलं तर एसएसडी झिजेल ना. झिजते, पण किती ते बघा. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये विंडोज त्या फाइलसाठी साधारण ४० टक्के, म्हणजे साडेसहा जीबीच्या आसपास जागा धरतं, आणि लिहिताना दाबून लहान करून लिहितं. आपण दिवसाला दोनदा हायबरनेट आणि प्रत्येक वेळी ५ जीबी धरू, दिवसाचे १० जीबी, वर्षाचे साधारण साडेतीन टीबी. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर कंपनी १५० टीबी लिहिण्याची हमी देते. म्हणजे नुसत्या हायबरनेटने ती संपवायला ४० वर्षं लागतील. तोपर्यंत लॅपटॉपची बाकी कुठलीच वस्तू शिल्लक नसेल, तेव्हा ही काळजी सोडून द्या.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, बदल करून जुनी एस-३ स्लीप परत आणा असे उपाय तुम्हाला व्हिडिओंमध्ये दिसतील. कृपा करून करू नका. लॅपटॉपच्या बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, एस-३ नसेल तर त्या बदलाने स्लीपचा पर्यायच गायब होतो, किंवा लॅपटॉप झोपतो आणि उठत नाही, मग पॉवर बटण दाबून धरून मारावा लागतो. काही थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट बदलायची अधिकृत सोय दिलेली आहे, ती असेल तर जरूर वापरा, तिथून केलेलं नीट चालतं.

हार्ड डिस्क उडते म्हणणाऱ्यांकडे येतो. ते चुकीचं बोलत नाहीत, फक्त जुन्या काळाचं बोलतायत. फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये काचेची किंवा ॲल्युमिनियमची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आपला केस त्या फटीपेक्षा हजारो पट जाड असतो. फिरत असताना धक्का बसला आणि हेड तबकडीला टेकलं की ओरखडा, आणि ओरखड्यावरचा डेटा गेला. बंद असताना हेड बाजूला पार्क झालेलं असतं, तेव्हा हीच डिस्क दुप्पट-अडीचपट धक्का सोसते. याच भीतीने थिंकपॅडमध्ये २००३ पासून आणि ॲपलच्या लॅपटॉपमध्ये २००५ पासून धक्का ओळखून हेड उचलणारा सेन्सर बसवायला लागले होते.

आता गंमत अशी की खरी स्लीप लागल्यावर डिस्क थांबते आणि हेड पार्क होतं, त्यामुळे स्लीपमधली डिस्क आणि बंद डिस्क यात धक्क्याच्या दृष्टीने फरक नाही. धोका आहे तो झाकण मिटल्यापासून डिस्क थांबेपर्यंतच्या वेळात. आणि तिथे हायबरनेट उलट जास्त धोक्याचं ठरतं, कारण हायबरनेट करताना डिस्क काही जीबी लिहीत असते, जुन्या डिस्कवर त्याला अर्धा मिनिट, कधी मिनिटभरही लागतो, आणि तेवढ्यात माणूस बॅग खांद्याला मारून जिना उतरायला लागलेला असतो. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत डिस्क लिहीतच असते. म्हणून ज्यांच्याकडे अजून हार्ड डिस्कवाला लॅपटॉप आहे, आणि तालुक्याच्या गावात, कॉलेजच्या मुलांकडे असे बरेच आहेत, त्यांनी शटडाऊन किंवा हायबरनेट काहीही केलं तरी पॉवरचा दिवा पूर्ण जाईपर्यंत लॅपटॉप टेबलावरच ठेवायचा. आणि परवडत असेल तर त्यात एसएसडी टाकून घ्या, जुन्या लॅपटॉपवर केलेला याच्याइतका कामी येणारा खर्च मी दुसरा पाहिलेला नाही. तुमचा लॅपटॉप दोन-तीन वर्षांतला असेल तर त्यात एसएसडीच असणार, तिच्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे ही सगळी भीती तुम्हाला लागू नाही.

रोज शटडाऊन केला तर आयुष्य कमी होतं, हे मात्र सरळ खोटं आहे. काही होत नाही. फक्त एक गोष्ट समजून घ्या, विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा आतला गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर राहतो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. म्हणून लोक म्हणतात रोज बंद करतो तरी लॅपटॉप अडकतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे ते, बघितला तर १२ दिवस दाखवतो. पूर्ण ताजं व्हायचं असेल तर रीस्टार्ट करा, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने चालू होतं, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा. हायबरनेट वापरणाऱ्यांनी आठवड्यातून एक रीस्टार्ट द्यायचाच, मी शनिवारी सांगतो. आणि ज्यांनी त्याच लॅपटॉपवर लिनक्सही टाकलंय त्यांनी विंडोज हायबरनेट असताना लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहायला जाऊ नका, फाइल खराब होतात. लावलेला पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्कही हायबरनेटच्या आधी इजेक्ट करूनच काढा.

पूर्ण शटडाऊन करूनही सकाळपर्यंत चार-पाच टक्के जातात अशी तक्रार असेल तर बायोसमध्ये लॅपटॉप बंद असतानाही यूएसबीतून मोबाईल चार्ज होण्याची सोय चालू असते, ती बंद करून बघा.

मॅकबुकवाल्यांना मी एवढं सगळं सांगत बसत नाही. हार्डवेअर आणि सिस्टम एकाच कंपनीचं असल्याने त्यांची स्लीप भरवशाची आहे, विशेषतः २०२० पासून आलेल्या, ॲपलच्या स्वतःच्या एम सिरीज प्रोसेसरवाल्या मॅकबुकची. रात्रभरात एक-दोन टक्के जातात. अपवाद फक्त जागं ठेवणाऱ्या ॲपचा.

काही ठिकाणी मात्र सोय बाजूला ठेवून बंदच करायचा. पावसाळ्यात स्कूटीवरून जाताना, रेनकव्हर असलं तरी. बॅगेत पाणी शिरलं आणि बोर्डवर करंट चालू असला तर पाण्याने शॉर्ट होतो, आणि जिथे व्होल्टेज असतं तिथे गंजही झपाट्याने चढतो. बंद लॅपटॉपमध्ये बोर्डवरच्या बहुतेक लाइन मेलेल्या असतात, त्यामुळे तो वाचण्याची शक्यता बरीच जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या टेबलावर जे बोर्ड येतात त्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. इथे हायबरनेटही चालेल, स्लीप नको.

विमानाने जाताना लॅपटॉप शक्यतो केबिन बॅगेतच ठेवा. चेक-इन बॅगेत टाकायची वेळ आलीच तर नियम असा आहे की लिथियम बॅटरीचं उपकरण पूर्ण बंद हवं, स्लीप किंवा हायबरनेट चालत नाही, आणि आपोआप चालू होणार नाही, दाबलं जाणार नाही असं बांधलेलं हवं. बॅगेज होल्डमध्ये गरम झालेली बॅटरी कुणाला दिसत नाही, म्हणून तो नियम आहे आणि तो मनापासून पाळा.

आणि ऑफिसचा डेटा असेल तर चोरीचाही विचार करा. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, आणि स्लीपमध्ये तिची डिस्क उघडायची किल्ली रॅममध्ये तशीच पडून असते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी रॅम गार करून तिच्यातून अशा किल्ल्या काढून दाखवल्या होत्या. साधा चोर तेवढं करणार नाही, पण बंद किंवा हायबरनेट केलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये थोड्या वेळाने काढायला काही उरतच नाही.

घरातल्या घरात हॉलमधून बेडरूममध्ये, किंवा ऑफिसात डेस्कवरून मीटिंग रूममध्ये न्यायचा असेल तर झाकण मिटा आणि हातात घेऊन चला, त्यासाठी काही बंद करायची गरज नाही. फक्त कामाची फाइल सेव्ह करायची सवय ठेवा, कारण स्लीपमध्ये बॅटरी संपली तर रॅममधलं जाऊ शकतं.

कधी बॅगेतून लॅपटॉप चटका बसेल इतका गरम निघाला तर घाबरून लगेच चार्जर लावू नका. झाकण उघडा, शटडाऊन करा, होत नसेल तर पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. मग पंख्याखाली टेबलावर उघडाच ठेवून अर्धा तास सोडून द्या. फ्रिजमध्ये नाही, ओलं फडकं नाही, आत पाणी सुटतं. गार झाल्यावर सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतोय का, टचपॅड वर आलंय का, क्लिक कडक झालंय का, खालचं झाकण मधे फुगलंय का. यातलं एकही दिसलं तर बॅटरी फुगलीय, मग तो चालू करायचा नाही, चार्ज करायचा नाही, दाबून बसवायचा तर अजिबात नाही, सरळ रिपेअरवाल्याकडे. फुगलेली बॅटरी टोचली गेली की पेट घेते, हे मी लांबून ऐकलेलं सांगत नाहीये.

तुम्ही आज एवढं करा. झाकणाची सेटिंग बघा, माउसचं बटण बंद करा, आणि रात्री झोपताना चार्जर काढून झाकण मिटा, अजून हायबरनेट लावू नका, बॅटरीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. सकाळी ८ तासांनी परत बघा. ८-१० टक्क्यांच्या आत गेले असतील तर तुमची स्लीप धड आहे, घोळ माउसचा नाहीतर सेटिंगचा होता. आकडा एकदम पाचावर आलेला असेल, किंवा लॅपटॉप बंदच सापडला आणि चालू केल्यावर सगळं होतं तसं उघडलं, तर बॅटरी बरीच उतरल्यावर विंडोजने स्वतःच हायबरनेट केलंय, म्हणजे काहीतरी जागं राहतंय. मग स्लीपस्टडीचा रिपोर्ट काढा आणि त्यात लाल सेशनवर क्लिक केल्यावर सगळ्यात वर ज्याचं नाव दिसेल ते मला कळवा, कोणता ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम आहे त्यावरून पुढचं सांगतो. तोपर्यंत ऑफिसला नेताना हायबरनेट, आणि दिवा गेल्याशिवाय बॅगेत टाकू नका.